पारदर्शक सोलचे बूट

रविवार, ८ ऑक्टोबर २०१७
सकाळी ७ वाजून १० मिनिटं

प्रिय दीपा,

जय भीम.

हॉलच्या सामानाच्या खोलीत, बॉलच्या पिंजऱ्याशेजारी बसून लिहितो आहे. आत्ताच जमीन धुवायच्या यंत्राचे ब्रश धुवून उलटे ठेवले. जमीन वाळायला पंचवीस मिनिटं लागतात. नऊ वाजता हँडबॉलची लहान मुलं येतील.

व्हॉट्सअ‍ॅपवर माझा एकच टिक राहतो, म्हणून पोस्टाने पाठवतो. मराठीत लिहितो, कारण जर्मन लिहिताना माझ्या चुका होतात आणि त्या तू मोजतेस. तुझं चौथीपर्यंतचं मराठी एवढ्याला पुरेल. अक्षर मोठं काढलं आहे. एखादा शब्द अडला तर मोठ्याने वाच, ऐकलास की कळेल.

काल जेवताना आई म्हणाली, "सव्वीस तारखेला दीपाची बास्केटबॉलची टेस्ट आहे तिकडे आखनच्या क्लबात. बूट कोणते घ्यावे विचारत होती."

"मला विचारत होती?" मी म्हटलं.

"तुला विचारू नको म्हणाली. पण बुटाचं तुला नाही तर कोणाला विचारू?"

बाबांनी वरण वाढून घेतलं.

गुडघा गेल्यानंतरची ही तुझी पहिली टेस्ट. तुमचा क्लब तीन ठिकाणी खेळतो, असं आईने कागदावर लिहून ठेवलं होतं: युनिव्हर्सिटीचा हॉल, एका शाळेचा जुना हॉल, आणि बाहेरचं डांबरी मैदान. तीन जमिनी म्हणजे तीन वेगळे प्रश्न. आज फक्त युनिव्हर्सिटीच्या हॉलचं लिहितो, कारण टेस्ट तिथेच असणार.

तिथे पार्केट आहे, लाकडी. मी फोटो मोठा करून बघितला. लाकडाला मऊ रबर लागतं. दुकानात बूट उलटा कर आणि अंगठ्याच्या नखाने सोल दाब. नखाची खूण क्षणभर राहून गेली पाहिजे. खूण उठलीच नाही तर रबर कडक आहे, ठेवून दे. नक्षी माशाच्या काट्यासारखी असावी, कारण ती सगळ्या दिशांना धरते. नुसत्या सरळ रेघा असल्या तर पुढे धरतील पण बाजूला सोडतील, आणि तुझं सगळं खेळणं बाजूचंच आहे. मग बूट घालून उभी राहा, एका पायावर भार दे आणि पाय आडवा ढकल. पाऊल बुटाच्या आत सरकलं तर नंबर चुकला. बूट जमिनीवर सरकला तर सोल चुकला. दोन्ही नाही सरकलं तर लेस सोडून पुन्हा बांध आणि पुन्हा कर.

सोल फिकट रंगाचा घे. काळ्या सोलचे डाग पडतात आणि ते काढताना माझ्यासारख्याची कंबर मोडते.

तू मला 'दादा ट्यूफ' म्हणायचीस. बाबांची गाडी दर दोन वर्षांनी ट्यूफवाल्यांकडे तपासायला न्यायची, तसे तुझे बूट दर दोन महिन्यांनी माझ्याकडे. स्टिकर लावून दे म्हणायचीस. मी एकदा खरंच लावला होता, टाचेच्या आत, गोल, निळा.

तो जुना जोड, तू पडलीस त्या दिवशीचा, मी तेव्हाच टाकून दिला, हे तुला माहीत आहे. नंतर घेतलेला काळा जोड खोक्यातच आहे, तुझ्या कपाटात. तू तो एकदाही घातला नाहीस. आई म्हणते विकून टाकू. मी नको म्हटलं.

त्या दिवसाबद्दल मी काही लिहिणार नाही. हे पत्र बुटांचं आहे.

जमीन वाळली आहे.

दादा


शनिवार, १४ ऑक्टोबर २०१७
सकाळी ११ वाजून ४० मिनिटं

प्रिय दीपा,

जय भीम. आज धम्मचक्र प्रवर्तन दिनाला तू घरी हवी होतीस, असं आई तीनदा म्हणाली.

दुपारी इंगोलश्टाटहून मनोरमा मावशी आणि काका येतील. इथली, झिंडेलफिंगेनमधली आणखी दोन घरं येणार आहेत. बाबांनी बाबासाहेबांच्या फोटोची काच स्वतः पुसली. आईने पहाटेपासून फरशी धुवायला काढली. मी आत्ता तुझ्या खोलीत, तुझ्या टेबलाशी बसलो आहे. तुझं काही हलवलेलं नाही.

आज लिनोलियमचं लिहितो. शाळेच्या जुन्या हॉलमध्ये तेच असणार. हिरवं किंवा तपकिरी, आणि जोडावर थोडं उचललेलं. लिनोलियम लाकडासारखं पकडत नाही. ते धूळ वर ठेवतं. मऊ सोल त्यावर पाच मिनिटं छान चालतो, मग त्याला पिठासारखा थर बसतो आणि पकड जाते. खेळाडू मग तळहाताने सोल पुसतात. तळहाताला घाम असतो, तेवढ्यापुरतं काम होतं. त्याऐवजी बाकाशेजारी ओला फडका ठेव. ओला म्हणजे घट्ट पिळलेला. दर वेळी आत जाताना त्यावर दोन्ही पाय एकदा घासायचे. नक्षीच्या खाचा खोल हव्यात, म्हणजे धुळीला जायला जागा राहते. पारदर्शक सोल दिसायला चांगला, पण धूळ लवकर धरतो असं म्हणतात. म्हणतात. मी स्वतः तपासलं आहे आणि फारसा फरक नसतो.

हे आधी कधी बोललो नव्हतो.

सकाळची गोष्ट सांगतो. आईने बैठकीची खोली पुसली, स्वयंपाकघर पुसलं. शेवटच्या बादलीत नेहमीसारखं एक झाकण फरशीचं औषध टाकलं, तेच ते लिंबाच्या वासाचं. पाहुणे यायचे असले की नागपूरला फिनाईलचं झाकण असायचं. शेवटचं पाणी, एक झाकण, आणि मग पुसायचं नाही, तसंच वाळू द्यायचं, म्हणजे वास राहतो. ती खोलीतून गेली आणि मी साधं पाणी घेऊन सगळं पुन्हा पुसून काढलं. ती परत आली.

"अरे यशा, काहून पुसून राहिला? वास गेला ना पूर्ण!"

"चिकट राहतं, आई."

"दहा वर्षं झाली करून राहिली मी, कोण चिकटलं आजपर्यंत?"

बाबा आतून म्हणाले, "प्रभावती, राहू दे. जर्मन झाला तुझा पोरगा."

"जर्मन झाला असता तर शाळा तरी पूर्ण केली असती," आई म्हणाली आणि हसली. ती वाईट अर्थाने बोलत नाही. मीही हसलो. मग बादली ठेवून मी इकडे येऊन बसलो.

आईने आणखी एक सांगितलं. तू आखनच्या दुकानात दोन तास होतीस. सात जोड घालून बघितलेस आणि एकही न घेता बाहेर आलीस. आईला फोनवर म्हणालीस, "मी निवडले की चुकतात. गेल्या वेळी पण मीच निवडले होते ना." आई ते मला सहज सांगत होती, कांदा चिरता चिरता.

त्या दिवशी तुझ्या आधी तिघी घसरल्या होत्या.

हे वाक्य खोडणार होतो. पण मला खोडाखोड आवडत नाही आणि पान चांगलं आलं आहे, म्हणून राहू देतो.

बेल वाजली. मावशी आल्या.

दादा


बुधवार, १८ ऑक्टोबर २०१७
दुपारी ३ वाजून ५ मिनिटं

प्रिय दीपा,

तिसरी जमीन डांबराची. डांबर रबर खातं. हॉलमधले मऊ बूट बाहेर नेलेस तर सहा आठवड्यांत नक्षी सपाट होईल. बाहेरचा जोड वेगळा ठेव, जाड आणि कडक रबराचा. बाहेरचा जोड आत नेऊ नको, आतला बाहेर नेऊ नको. पाऊस पडून गेल्यावर डांबरावरच्या पांढऱ्या रेघांवर पाय देऊ नको, रंग ओला झाला की

हे सगळं तुला कुठेही वाचायला मिळेल.

मागच्या पत्रातलं ते वाक्य तू वाचलं असशील. आता पुढचं लिहितो. सलग लिहितो, मध्ये थांबलो तर पुन्हा बुटांकडे जाईन.

रविवार, २८ फेब्रुवारी २०१६. तुझी मॅच दोन वाजता होती. राज्याच्या संघासाठी बघायला कोणीतरी येणार होतं. तू आदल्या रात्री सांगितलं होतंस आणि म्हणाली होतीस, "दादा, हॉल नीट कर हं, उद्या माझा दिवस आहे." मी अकरा वाजता आलो. हँडबॉलवाल्यांनी शनिवारी हाताला लावायचा चिकट डिंक जागोजागी सांडला होता. तो मी काढला. मग यंत्र फिरवलं. यंत्रात किती औषध घालायचं ते भिंतीवरच्या तक्त्यात लिहिलेलं आहे आणि मी तेवढंच घातलं. त्यानंतर एकदा साध्या पाण्याने फिरवायचं असतं.

ते साधं पाणी भरताना मला हॉलचा वास आला. घामाचा आणि डिंकाचा. बाहेरून माणसं तुला बघायला येणार होती. मी त्या शेवटच्या पाण्यात तीन झाकणं औषध टाकलं. यंत्राची टाकी बादलीपेक्षा मोठी, म्हणून तीन. पाणी ओढून घेणारा पाइप वर उचलून ठेवला, म्हणजे जमीन तशीच वाळेल. वाळल्यावर ती चमकत होती. लिंबाचा वास सगळीकडे होता. तू आत येताच म्हणालीस, "बाप रे, दादा, इथे आज पाहुणे येणार आहेत काय?" आणि आपण दोघं हसलो होतो.

पहिल्या पाच मिनिटांत समोरच्या संघाची एक मुलगी घसरली. मग तुमची उंच सेंटर. मग पुन्हा त्यांची एक, तीही बाजूला वळताना. मी वरच्या बाकावर होतो. तिसरी घसरली तेव्हा मला कळलं होतं. जिना उतरून पंचांना सांगायला अर्धं मिनिट लागलं असतं. सांगितलं असतं तर मॅच थांबली असती, माझ्या साहेबांना, हेर ब्रेंडलेंना, फोन गेला असता आणि माझा कायमचा करार एप्रिलमध्ये व्हायचा होता. मी स्वतःला सांगितलं की ब्रेकमध्ये बघू. तुझा गुडघा ब्रेकच्या आधी चार मिनिटं गेला.

मला तो आवाज आला नाही. सगळे म्हणतात आला होता.

हॉस्पिटलात जाताना गाडीत तू दोनदा म्हणालीस, "बूट नाही सरकले, दादा. जमीन सरकली." पहिल्यांदा मराठीत, मग बाबांसाठी पुन्हा जर्मनमध्ये, जणू त्यांना मराठी कळत नाही. मी म्हणालो, "पारदर्शक सोल. दुकानातच सांगितलं होतं तुला." बाबा म्हणाले, "दादाचं ऐकायचं असतं." त्यानंतर तू माझ्याशी अजून बोललेली नाहीस.

संध्याकाळी मी हॉलवर जाऊन साध्या पाण्याने दोनदा यंत्र फिरवलं. आता कोणालाही काही सापडलं नसतं. सोमवारी सकाळी तुझे बूट हातात घातले, गुडघ्यावर बसलो आणि पुढे, मागे, आडवे ढकलले. ते सरकले नाहीत. मी पूर्ण जोर लावला. माझा खांदा दुखला.

दीपा, तुझे बूट चांगले होते. तू दुकानात बरोबर निवडले होतेस. त्या दिवशी जमिनीवर काही होतं आणि ते मी टाकलं होतं.

ते बूट मी फेकलेले नाहीत. माझ्या कपाटात वरच्या खणात, हिवाळ्याच्या जॅकेटमागे आहेत. फेकले म्हणून सांगितलं, कारण कोणी तपासेल अशी भीती होती. खरं तर तपासणारा घरात मी एकटाच होतो.

काळा जोड मी आणला तेव्हा बाबा तुला म्हणाले, "स्वतःच्या चुकीचे पैसे स्वतः भरायचे." तू कुबड्या सुटल्यावर पेपर टाकायला लागलीस आणि दर महिन्याला दहा युरो पाकिटात घालून माझ्या दाराखालून सरकवायचीस. वर काही लिहिलेलं नसायचं. आठ पाकिटं आली. प्रत्येक वेळी मी ते उचललं आणि पैसे पाकिटातून काढून ठेवले.

पत्र परत वाचून बघितलं नाही. तसंच बंद करतो. चुका असतील तर मोज.

दादा


शनिवार, २१ ऑक्टोबर २०१७
सकाळी ९ वाजून ३० मिनिटं

प्रिय दीपा,

जय भीम.

गुरुवारी सकाळी साडेसहाला मी हेर ब्रेंडलेंना सांगितलं. ते कॉफीची बाटली उघडत होते. मी सगळं पाठ करून गेलो होतो, तारीख आणि वेळेसकट. त्यांनी पूर्ण ऐकलं.

"किती मिली?" त्यांनी विचारलं.

"तीन झाकणं. झाकण पन्नासचं. दीडशे."

"हं, तर असं." ते बराच वेळ बाटलीचं झाकण फिरवत राहिले. "वीस महिने तू रोज माझ्यासोबत कॉफी प्यायलास."

"हो."

"मला वाटायचं, तू लाजाळू आहेस."

मग म्हणाले की हे त्यांना लेखी वर कळवावं लागेल, तुझ्या इथल्या जुन्या क्लबलाही सांगावं लागेल आणि पुढे काय होईल ते त्यांच्या हातात नाही. मी लिहून दिलं. दीड पान झालं. त्यांनी वाचलं, खिशातलं पेन काढलं, मग परत ठेवलं. "एकही चूक नाही," म्हणाले. जाताना दारात थांबून म्हणाले, "वास मात्र मला आठवतो. मला वाटलं, कोणीतरी लग्न करतंय." ते हसले नाहीत.

संध्याकाळी आईबाबांना सांगितलं. आईने आधी ऐकलंच नाही, मग दोनदा विचारलं, "तेच औषध? आपलं?" मी म्हटलं, नाही, हॉलचं वेगळं असतं, पद्धत आपली होती. तिने सिंकखालची लिंबाची बाटली काढून टेबलावर ठेवली आणि तिच्याकडे बघत बसली. ती बाटली अजून टेबलावरच आहे. जेवतानाही कोणी हलवली नाही.

बाबा बाल्कनीत गेले. परत आले तेव्हा म्हणाले, "तिने सांगितलं होतं गाडीत." मी हो म्हटलं. "दोनदा," ते म्हणाले. मग स्वतःच्या फोनमध्ये तुझा नंबर काढून बराच वेळ हातात धरून बसले. लावला की नाही मला माहीत नाही. लावला असेल तर तुला माझ्या आधी कळलं असेल. तसं असेल तर ठीक आहे.

माझ्या कराराबद्दल अजून काही आलेलं नाही. आज सुट्टी आहे.

आता बूट. सोबतच्या पार्सलमध्ये ते आहेत. काल मी ते नीट तपासले. नंबर चाळीस, तुझा अजून तोच आहे असं आई म्हणते. कोमट पाण्याने आणि मऊ ब्रशने सोल धुतला, बाकी काही लावलं नाही. नख दाबलं तर खूण उठते, पण पूर्वीपेक्षा हळू, रबर वीस महिन्यांत थोडं कडक झालं आहे. नक्षीचा काटा अजून खोल आहे. आत टाचेपाशी तो निळा स्टिकर आहे, त्यावर 'मार्च २०१६ पर्यंत' असं लिहिलेलं आहे. मुदत संपली आहे. मी नवीन लावलेला नाही.

लाकडावर हे धरतील. माझा शब्द पुरेसा आहे असं मी म्हणत नाही. हॉलमध्ये पोचल्यावर बूट घालण्याआधी हातात घे, गुडघ्यावर बस, आडवे ढकल. डावा गुडघा टेकू नको, उजवा टेक. सरकले तर घालू नको आणि जमीन कोणी पुसली ते विचार. मोठ्याने विचार.

हे घालायचे नसतील तर नको घालू. दुसरे घ्यायचे असले तर तूच घे. दुकानात जा, मागे ठेवलेल्या सातांपैकी जो पहिल्यांदा उचललास तो घे. बाहेरच्या मैदानाचा जोड कोणता, ते मी लिहिणार नाही. लिहायला घेतलं होतं, पान बाजूला ठेवलं.

सव्वीसला संध्याकाळी आई फोनवर असेल. मी घरी असेन, पण फोनजवळ नसेन. एक टिक दोन झाला नाही तरी चालेल.

हिशोब.

पार्सल ६ युरो ९९. लेस, पांढऱ्या, कारण जुन्यांना कपाटाचा वास लागला होता, ३ युरो ४९. ब्रश २ युरो २९. एकूण १२ युरो ७७, हा खर्च माझा.

बुटांची किंमत लिहिलेली नाही. ते तुझेच आहेत.

तुझी आठ पाकिटं, प्रत्येकी दहा, एकूण ८० युरो. पैकी ५० डाव्या बुटात मोज्याच्या आत ठेवले आहेत.

माझ्याकडून देणं बाकी, ३० युरो.

यशपाल